डबीर : दरबारी हुद्द्यातून आलेल्या एका विरळ आडनावाचा अभ्यास

महाराष्ट्रात राज्यकारभारातील हुद्द्यांवरून आलेली आडनावे पुष्कळ आहेत. कुलकर्णी आणि देशपांडे तर सर्वत्र भेटतात. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, मुजुमदार हीही कोणाला नवी नाहीत. याच गोतावळ्यातले डबीर हे आडनाव मात्र इतके विरळ आहे की प्रथमच ऐकणारा ते पुन्हा उच्चारायला सांगतो आणि लिहून घेताना बहुधा चुकतो. शिवकालाचा इतिहास वाचलेल्या माणसाला हे नाव ऐकताच शिवाजीमहाराजांचे वकील सोनोपंत डबीर आठवतात आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतो : तुम्ही त्यांचेच वंशज का?

हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. आडनाव विरळ असले की ते धारण करणारे सगळे एकाच मूळपुरुषाचे असणार, असे मनाने पटकन ठरवून टाकले जाते. हुद्द्यावरून पडलेले आडनाव मात्र रक्ताची नव्हे, तर कामाची खूण असते, आणि एकच काम वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या दरबारांत, एकमेकांशी नाते नसलेल्या माणसांनी केलेले असते. म्हणून या प्रकरणात दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. डबीर हे आडनाव कोठून आले आणि ते एकाच घराण्याचे आहे का, हा पहिला. आणि त्याच्या भावंडांसारखी असलेली इतर दरबारी आडनावे फोफावली असताना हेच एवढे थोडके का राहिले, हा दुसरा. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक भक्कमपणे देता येते, आणि ते दिल्यावर पहिल्या प्रश्नावरही बराच उजेड पडतो.

शब्दाची दोन आगमने

डबीर हा शब्द फारसीतील ‘दबीर’ या शब्दापासून मराठीत आला. त्याचा अर्थ लेखक, पत्रलेखक, दरबाराचा सचिव. डबा, डबी किंवा दाबणे यांच्याशी त्याचा जोडला जाणारा संबंध केवळ ध्वनिसाम्यावर उभा आहे आणि तो सोडून द्यावा. इस्लामपूर्व इराणमध्ये सासानी राजवटीत लेखकवर्गाला याच शब्दाच्या जुन्या रूपाने ओळखत असत. त्याच्या मुळाशी ‘दिपि’ म्हणजे लेख हा प्राचीन इराणी शब्द आहे. अशोकाच्या शिलालेखांत इतरत्र जेथे ‘लिपि’ येते, तेथे वायव्येकडील शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील लेखांत ‘दिपि’ हेच रूप कोरलेले आहे. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा माग आणखी मागे नेतात आणि मातीच्या लेखनपाटीला असलेल्या मेसोपोटेमियातील ‘दुब’ या सुमेरी शब्दापर्यंत पोहोचतात.

आपल्याकडे हा शब्द दोनदा आला, ही त्याच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. पहिल्यांदा तो ‘दिविर’ या संस्कृतात रुळलेल्या रूपाने आला. गुजरातेतील वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत दान लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला ‘दिविरपति’ म्हटले आहे आणि तोच अधिकारी संधिविग्रहाचा, म्हणजे परराज्यांशी तह व युद्ध यांच्या व्यवहाराचा, अधिकारी असल्याचेही तेथे नोंदलेले आढळते. काश्मीरमध्ये अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने ज्या कारकुनांवर कठोर टीका केली, तेही ‘दिविर’च. दुसऱ्यांदा हा शब्द सुलतानांच्या फारसी दफ्तराबरोबर आला. दिल्लीच्या सुलतानशाहीत पत्रव्यवहाराच्या खात्याचा मुख्य ‘दबीर-इ-खास’ म्हणून ओळखला जाई. पुढे बंगालच्या हुसेनशाही दरबारात रूप गोस्वामी ‘दबीर खास’ या पदावर होते आणि चैतन्यांच्या संप्रदायात आल्यावर त्यांनी ते पद सोडले. दख्खनेत बहमनी राज्यात पत्रलेखनाच्या कलेला किती मान होता, हे महमूद गावान या वजिराने त्या कलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला यावरूनच कळते.

मैत्रकांच्या दिविरपतीकडे परराष्ट्रव्यवहार होता आणि हजार वर्षांनी मराठ्यांच्या डबिराकडेही तोच होता, याचे कारण समजण्यासारखे आहे. परक्या राजाशी संबंध म्हणजे आधी पत्र. त्यातला शब्द, पदवीचा क्रम, मोहोर आणि मायना यांतली एखादी चूक अपमान ठरू शकत असे. त्यामुळे उत्तम पत्र लिहिणारा माणूस हळूहळू परराज्याचे मन ओळखणारा सल्लागार होतो आणि शेवटी वकील म्हणून त्यालाच पाठवले जाते.

पुण्याच्या जहागिरीतील डबीर

फारसी हुद्दे मराठी माणसांच्या हाती कसे आले, हे आधी पाहिले पाहिजे. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (राज्यकाल १५३४–१५५८) महसुली हिशेब फारसीऐवजी स्थानिक भाषेत ठेवण्यास सुरुवात केली आणि त्यामुळे दफ्तरात ब्राह्मण कारकुनांचा मोठा भरणा झाला. निजामशाहीतही मराठी लेखक व मुत्सद्दी होतेच. भाषा मराठी झाली तरी पदांची नावे मात्र फारसी राहिली, आणि मराठी तोंडात ती घोटली जाऊन त्यांचे उच्चार बदलले : ‘नवीस’चे ‘नीस’ झाले, ‘मजमूआदार’चे ‘मुजुमदार’ झाले आणि ‘दबीर’चे ‘डबीर’ झाले.

शहाजीराजे कधी निजामशाहीत तर कधी आदिलशाहीत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या कारभाराची बांधणी याच पद्धतीची होती. त्यांनी बाल शिवाजीराजांबरोबर पुण्याच्या जहागिरीवर जी माणसे पाठवली, त्यांत शामराव निळकंठ हे पेशवे, बाळकृष्णपंत हे मुजुमदार, रघुनाथ बल्लाळ हे सबनीस आणि सोनोपंत हे डबीर होते. म्हणजे स्वराज्याचा आरंभ होण्याआधीच हे पद आणि त्यावरचा माणूस दोन्ही जागेवर होती.

सोनोपंतांच्या कामाचे स्वरूप एका प्रसंगावरून स्पष्ट होते. १६५७ मध्ये औरंगजेब मोगलांचा सुभेदार म्हणून दख्खनेत विजापूरकरांविरुद्धच्या मोहिमेत असताना, त्याच्याशी बोलणी करण्यासाठी शिवाजीराजांनी सोनोपंतांना वकील म्हणून पाठवले. दरबारात त्यांचे स्थान किती वरचे होते, हे १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर दिसून आले : महाबळेश्वरी महाराजांनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली, तेव्हा सोनोपंतांचीही तुला केली. राजमातेबरोबर हा मान मिळालेला माणूस केवळ पत्रे लिहिणारा कारकून नव्हता, हे यावरून उघड आहे. डबीर आडनावाच्या माणसाने आपल्या नावाविषयी एखादी गोष्ट मुलाबाळांना सांगायची असेल, तर वंशावळीच्या वादाआधी ही सांगावी, असे मला मनापासून वाटते.

सोनोपंतांनंतर त्र्यंबकपंत डबीर दिसतात. १६६६ मध्ये आग्र्यास महाराजांबरोबर जे लोक होते, त्यांत ते होते. १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज तेथून निसटल्यावर त्र्यंबकपंत डबीर आणि रघुनाथपंत कोरडे हे मोगलांच्या हाती सापडले. त्यांचा छळ झाला आणि त्यांची सुटका पुढच्या वर्षी झाली. ज्या खात्याचे काम शत्रूच्या राजधानीत जाऊन बोलणी करण्याचे होते, त्या खात्याच्या माणसाने काय काय पणाला लावलेले असे, हे त्यावरून कळते. तिसऱ्या पिढीत रामचंद्र त्रिंबक येतात. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांत परराष्ट्रव्यवहाराचे पद त्यांच्याकडे होते.

येथे कागद वाचण्याची एक अडचण सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चुकीचे निष्कर्ष तिच्यातूनच निघतात. सतराव्या शतकातील मराठी कागदांत माणसाचा उल्लेख बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि त्यापुढे एखादे विशेषण असा होतो. हे तिसरे पद कधी गाव असते, कधी हुद्दा आणि कधी आजच्या अर्थाने आडनाव. त्यामुळे एखाद्या पत्रात ‘डबीर’ हा शब्द आला म्हणजे आडनाव सापडले असे होत नाही. तो त्या वेळचा अधिकार असू शकतो आणि अधिकार गेल्यावर पुसलाही जाऊ शकतो. हुद्द्याचे आडनाव झाले असे खात्रीने म्हणण्यासाठी निराळी खूण लागते : त्या पदावर नसलेले भाऊ, पुतणे किंवा नातूही ‘डबीर’ म्हणून नोंदले गेले पाहिजेत, किंवा पद धारण करणारा माणूस पुढे वेगळ्याच कामावर गेल्यावरही त्याला तेच नाव चिकटून राहिले पाहिजे. सोनोपंत, त्र्यंबकपंत आणि रामचंद्रपंत या तिघांच्या बाबतीत पद आणि नाव बरोबरच चालत होते, म्हणून त्यांच्यापुरता हा फरक कागदावरून वेगळा काढणे अवघड आहे. तीन पिढ्या एकच पद एका घरात राहिले, ही मात्र आडनाव रुजण्यास सर्वांत अनुकूल स्थिती होती.

१६७४ : पदाचे नाव बदलले, माणसांचे राहिले

राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे देण्यात आली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, सरनोबताचा सेनापती आणि डबिराचा सुमंत. त्याच धोरणातून रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेण्यात आला. त्याच्या दहा वर्गांत राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. ही केवळ भाषाशुद्धीची हौस नव्हती. नव्या सार्वभौम राज्याने आपली भाषा स्वतः ठरवण्याचा तो उपक्रम होता.

या बदलामुळे डबीर या पदाचे पुढचे आयुष्य मराठी राज्यापुरते संपले. त्यानंतर या राज्यात परराष्ट्रव्यवहार पाहण्यासाठी नेमला जाणारा माणूस सुमंत म्हणून नेमला जाणार होता. सुमंत हे आडनावही आज महाराष्ट्रात आढळते. डबीर हे नाव धारण करणारी घरे मात्र आपले जुने नाव घेऊनच पुढे गेली. राज्याची परिभाषा राजाज्ञेने बदलता येते. लोक एखाद्या घराला ज्या नावाने ओळखतात ते नाव त्या आज्ञेच्या कक्षेत येत नाही. अष्टप्रधानांच्या इतर घराण्यांचे अनुभव यापेक्षा वेगळे झाले. भादाणेकर घराण्यातील रामचंद्रपंत हे अमात्य म्हणून प्रसिद्ध झाले आणि पुढे बावड्याच्या जहागिरीवरून त्यांचे घराणे बावडेकर म्हणून ओळखले गेले. शंकराजी नारायण हे मूळचे गांडेकर. त्यांचे वंशज भोरचे पंतसचिव झाले. या दोन्ही घराण्यांचे मूळ नाव, पद आणि गाव यांच्यात अदलाबदल होत राहिली, कारण पद टिकले आणि त्याबरोबर जहागीरही टिकली. डबीर या नावामागे असे संस्थान उभे राहिले नाही; त्यामुळे त्याच्यावर दुसरे नाव चढले नाही, आणि त्याला मोठा विस्तारही मिळाला नाही.

विरळपणाचे कारण

आता दुसऱ्या, माझ्या दृष्टीने मुख्य, प्रश्नाकडे वळता येते. कुलकर्णी हे आडनाव एवढे का पसरले? कारण ते वतन गावागणिक होते. देशपांडे परगण्यागणिक होते. म्हणजे ही आडनावे एका ठिकाणाहून पसरली नाहीत. ती शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवली. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, तोपर्यंत काही शतके ही उगवण आणि जोपासना चालू होती.

चिटणीस, फडणीस यांची संख्या कुलकर्ण्यांपेक्षा कमी, परंतु डबिरांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. त्याचे कारण मराठी कारभाराच्या रचनेत सापडते. प्रधानांच्या हाताखाली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत व सरदारांच्या घरी दरखदारांची, म्हणजे नेमून दिलेल्या हुद्द्यांवरील अधिकाऱ्यांची, एक ठरावीक साखळी असे. त्यांत दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस ही पदे होती. किल्ल्यांवरही सबनीस आणि कारखानीस असत, आणि किल्ले तर शेकड्यांनी मोजावे लागतील एवढे होते. अठराव्या शतकात शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले आणि पटवर्धन यांनी आपापली दफ्तरे उभी केली, तेव्हा प्रत्येक दफ्तराला फडणीस आणि चिटणीस लागले. नागपूरच्या बाजूला याच आडनावांची चिटणवीस, फडणवीस अशी भरलेली रूपे टिकली, हे या स्वतंत्र उगवणीचेच चिन्ह मानता येईल.

या साखळीत डबीर नाही. ही बारीक वाटणारी गोष्टच या प्रकरणाचा गाभा आहे. हिशेब प्रत्येक किल्ल्याला ठेवावा लागतो, कोठार प्रत्येक छावणीला लागते, पत्रे तर प्रत्येक सरदाराला लिहावी लागतात. परक्या राजांशी स्वतंत्र व्यवहार मात्र ज्याला राज्य आहे त्यालाच असतो. म्हणून डबीर हे पद दरबारात असे, आणि एका दरबाराला एकच असे. पुढे मोठे सरदार परराज्यांशी बोलू लागले, तोपर्यंत पदाचे मराठी नाव बदललेले होते, आणि शाहूकाळापासून परराष्ट्रव्यवहार पेशव्यांच्या व त्यांच्या वकिलांच्या हाती जाऊन सुमंत हे पदही बहुतांशी मानाचे उरले. म्हणजे डबीर हे नाव निर्माण होण्याची जागा मुळात अरुंद होती, आणि १६७४ नंतर ती मराठी राज्यात बंद झाली.

हे स्पष्टीकरण खरे असेल, तर ते इतर पदांनाही लागू पडले पाहिजे, आणि तसे ते पडते. १६७४ मध्ये बदललेल्या नावांपैकी मुजुमदार हे आडनाव मुबलक आहे, कारण वरचे पद अमात्य झाले तरी खालच्या दफ्तरांतला मुजुमदार कायम राहिला. शिवाय बंगाल आणि गुजरातेतही हे पद आणि त्यावरून पडलेले आडनाव स्वतंत्रपणे होते. सरनोबत हे नाव गडांवरील अधिकाऱ्यालाही होते, म्हणून तेही आडनाव टिकले. सुरनीस आणि वाकनीस ही आडनावे मात्र डबिरासारखीच क्वचित ऐकू येतात. ज्या पदाला खालच्या पायरीवर तशीच प्रतिकृती होती त्याचे आडनाव पसरले आणि ज्याला नव्हती त्याचे आक्रसले, असा हा सरळ संबंध दिसतो. या तुलनेमुळे माझा या स्पष्टीकरणावरचा विश्वास वाढला आहे; एकट्या डबिरावरून तो ठेवता आला नसता.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते, आणि ती सर्व विरळ आडनावांना सारखीच लागू आहे. १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधील नामांकित घराण्यांची आडनावे का नष्ट होतात, असा प्रश्न गणितज्ञांपुढे मांडला आणि पुढच्या वर्षी हेन्री वॉटसन यांच्यासह त्याचा विचार प्रसिद्ध केला. आडनाव केवळ मुलग्यांकडून पुढे जाते असे धरले, तर एका पुरुषापासून सुरू झालेले नाव काही पिढ्यांत बुडण्याची शक्यता बरीच मोठी असते. सरासरीने दर पुरुषास एकच मुलगा होत असेल, तर पुरेशा पिढ्यांनंतर ते बुडणे गणिताने अटळ ठरते. शेकडो ठिकाणी सुरू झालेल्या नावातल्या काही शाखा बुडाल्या तरी नाव राहते. एका-दोन ठिकाणी सुरू झालेल्या नावाला मात्र साथीचा एखादा रोग, लढाई किंवा निपुत्रिक मृत्यू यांपैकी काहीही पुरते. आपल्याकडे दत्तकाच्या प्रथेने अनेक घराण्यांना यातून तारले. परंतु दत्तक बहुधा सगोत्र भाऊबंदांतून घेतला जाई, आणि भाऊबंदच मोजके असतील तर तो मार्गही अरुंद होतो. डबीर हे आडनाव साडेतीनशे वर्षांनंतरही ऐकू येते, हे म्हणूनच विशेष मानले पाहिजे.

एकच घराणे की अनेक?

वरील सर्व पाहिल्यावर, आजची डबीर घरे मोजक्या मुळांपासून आली असावीत हा अंदाज बळकट होतो. ‘मोजक्या’ आणि ‘एकाच’ यांतले अंतर मात्र कमी लेखू नये. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा या दरबारांतही दबीर होते. तेथील एखाद्या लेखकाच्या घरालाही हे नाव पडू शकले असते, आणि १६७४ चा निर्णय त्यांना लागू नव्हता. शिवाय हुद्द्यावरची आडनावे जातीच्या मर्यादा पाळत नाहीत. शिवाजीमहाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. चिटणीस हे आडनाव मात्र ब्राह्मणांतही आहे. नाना फडणीस हे मूळचे भानू. म्हणून प्रत्येक फडणीस हा भानू ठरत नाही. तसेच दोन डबीर घरांचे नाव एक असले, तरी त्यांचे गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव जुळते का, हे पाहिल्याशिवाय त्यांना भाऊबंद म्हणता येणार नाही. गोत्र आणि कुलदैवत जुळले तरी नाते सिद्ध होत नाही, कारण गोत्रे थोडी आहेत आणि एकाच दैवताला हजारो घरे मानतात. ते न जुळणे मात्र वेगळ्या मुळाचा चांगला पुरावा असतो.

देशाबाहेरची उदाहरणेही सावधपणे घ्यावी लागतात. इराणमध्ये १९२५ च्या सुमारास कायद्याने आडनाव घेणे सर्वांना भाग पडले, तेव्हा अनेकांनी पेशावरून नावे घेतली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे सुवर्णपदक जिंकणारे अलीरझा दबीर हे त्या देशातले. लखनौचे मर्सियाकार (शोककाव्य रचणारे कवी) मिर्झा दबीर यांचे तर ते आडनावच नव्हे, कवी म्हणून घेतलेले टोपणनाव होते. या सर्वांचा महाराष्ट्रातील डबीर घरांशी शब्दापुरता संबंध आहे, वंशाचा नाही. आडनावांची जागतिक मोजणी करणारी कोष्टके हा भेद करत नाहीत, आणि म्हणून त्यांतील आकड्यांवरून महाराष्ट्राविषयी काहीही ठरवणे धोक्याचे आहे.

मोजणीच्या अडचणी

भारताची जनगणना आडनावांचे तक्ते प्रसिद्ध करत नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातविषयक गणनेत जात म्हणून सांगितलेल्या नावांची संख्या ४६ लाखांच्या वर गेली, ती लोकांनी जात, पोटजात, गोत्र आणि आडनाव एकमेकांच्या जागी सांगितल्यामुळे. अशा सामग्रीतून एखाद्या विरळ आडनावाची खरी संख्या निघणे शक्य नाही. उरतात त्या मतदार याद्या. त्या सार्वजनिक असतात, परंतु त्यांत फक्त प्रौढ येतात, आणि विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रिया सासरच्या नावाखाली मोजल्या जातात. एखाद्या लहान घराण्यात मुलीच अधिक असतील, तर ते घराणे भरभराटीत असूनही यादीत आटल्यासारखे दिसते.

लेखनाची अडचण याहून मोठी आहे. रोमन लिपीत ड आणि द यांना एकच अक्षर असल्याने, पासपोर्ट किंवा बँकेच्या नोंदीवरून नाव पुन्हा देवनागरीत आणले की डबीराचा दबीर किंवा डाबीर होतो, आणि यंत्राने केलेल्या लिप्यंतरात तर हे नेहमीचेच आहे. जुन्या मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. तेथे डबिर आणि डबीर एकच. म्हणून शोध घेणाऱ्याने ही सर्व रूपे एकत्र धरून पाहावीत आणि प्रत्येक नोंदीचे गाव व वडिलांचे नाव मिळाल्याशिवाय ती मोजणीत धरू नये. सामान्य आडनावात शंभरातली पाच माणसे चुकीने गळली वा शिरली तरी चित्र फारसे बदलत नाही. येथे मात्र तेवढ्यानेच चित्र उलटे होऊ शकते.

ज्या डबीर कुटुंबाला आपले मूळ खरोखर शोधायचे आहे, त्याने सोनोपंतांपासून खाली न येता स्वतःपासून वर जावे. आजोबा-पणजोबांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले आणि जमिनीचे फेरफार यांवरून साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जाता येते. त्यामागे इनामाचे कागद उपयोगी पडतात : १८५२ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागवले, तेव्हा अनेक घराण्यांनी आपल्या वंशावळी सादर केल्या, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या काळचे कागद मोठ्या प्रमाणावर आहेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच खाजगी संग्रहांची जपणूक करत आले आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर आणि काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याच्या नोंदी गावानुसार मिळतात. या वह्यांचे महत्त्व येथे फार आहे, कारण यात्रेकरूने स्वतः सांगितलेले मूळ गाव आणि बरोबर आलेल्या भाऊबंदांची नावे तेथे लिहिलेली असतात. एखाद्या नोंदीत डबीर या नावाबरोबर जुने उपनाम किंवा कुलकर्णवतनाचे गाव लिहिलेले सापडले, तर आजवर हुद्द्याखाली झाकलेले मूळ घराणे उघड होते, आणि सोनोपंतांशी नाते आहे की नाही हा प्रश्न त्यानंतरच कागदावर तपासता येतो.